बंद घरातला झोपाळा

हरखा शेठनी पोळ, अमदावाद
२० जानेवारी

तरुलता, जय श्रीकृष्ण.

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. हे तिसरंही तसंच जाणार हे धरूनच लिहायला बसले आहे. नदीपलीकडच्या माणसाला टपालाने पत्र पाठवणारी सगळ्या अमदावादमध्ये मी एकटीच असेन. पोस्टातला बाबू पत्ता वाचून म्हणाला, "माँजी, रिक्षाने निघालात तर पत्राच्या आधी पोहोचाल." मी म्हटलं, तू तिकीट लाव. फोनचं म्हणशील, तर या घरात फोन नीट लागत नाही, आवाज तुटतो. तुझ्या लेकीला, बिजलला सांग, काकी आढ्यतेखोर आहे म्हणून फोन करत नाही असं मुळीच नाही.

उत्तरायण झाली. तुझी गच्ची यंदा ओसाड होती. मी माझ्या गच्चीत खुर्ची टाकून बसले, दोन चिक्क्या खाल्ल्या आणि उतरले. किरीटभाई नसताना पतंग बघण्यात काय मजा? तुझे जेठ, माझे हे, गेल्यापासून मला फिरकी धरायला तेच तर बोलवायचे. सत्तरीच्या बाईला फिरकी धरायला लावणारा दीर कुणाला मिळतो?

आपल्या गल्लीचे सेक्रेटरी जशुभाई म्हणत होते, तू घर गोदामासाठी देणार आहेस. कापडवाला दोनदा बाहेरून बघून गेला. आपल्या ओळीत आधीच तीन गोदामं झाली आहेत. सकाळी हातगाड्या येतात, गठ्ठे टाकतात, शटर ओढतात, की दिवसभर तिथे माणूस नाही. घर तुझं आहे. द्यायचं तर दे. पण माझी पाठ ज्या भिंतीला लागते तिच्या पलीकडे साड्यांचे गठ्ठे रचलेले असणार, हा विचार मला सोसत नाही, एवढं लिहून ठेवते.

तू जाताना समोरच्या कपिलाबेनपाशी काय बोलून गेलीस ते माझ्यापर्यंत आलं आहे. कपिलाबेनच्या पोटात काही राहतं का? "मी लाटायच्या वेलणाने भिंत बडवत होते, माझा माणूस जमिनीवर पडलेला, आणि भाभी पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. नंतर तोंडावर विचारलं, ठोके ऐकू आले होते ना? तर मान हलवून हो म्हणाल्या." असं तू म्हणालीस. यावर मी आज काही लिहिणार नाही. वैशाखात त्याला वर्ष होईल.

गेल्या उन्हाळ्यातल्या कैरीच्या छुंद्याची बरणी कुणाबरोबर तरी पाठवते. उन्हात ठेवलेली आहे, पाक जरा घट्ट झाला आहे.

हसुभाभी


४ फेब्रुवारी

तरुलता, जय श्रीकृष्ण.

पोळीत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवीन खूळ आलं आहे. ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, तू वाच किंवा फाडून टाक.

इशानी नावाची एक मुलगी कॉलेजातून येते. घरं कशी बांधतात ते शिकवते म्हणे, पण तिला आपली घरं नको आहेत, आपले आवाज हवेत. दर रविवारी सकाळी सगळ्यांनी पाखरांच्या चबुतऱ्याभोवतीच्या ओट्यांवर बसायचं, डोळे मिटायचे, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग ज्याने जे ऐकलं ते सांगायचं आणि पोळीच्या नकाशावर नोंदायचं. नकाशा कागदाचा नाही. कपिलाबेन म्हणाल्या, कागद पावसाळ्यात कुजेल, आमच्या हाताला सुई येते ती काय कामाची? म्हणून जाड पांढऱ्या कापडावर इशानीने गल्ल्या आखून दिल्या आणि बायका त्यावर टाके घालतात. पाखरांचा हिरवा धागा, मंदिराचा पिवळा, यंत्राचा काळा, माणसांचा लाल. 

नियम एकच. किमान तीन जणांनी हात वर करून "मीही ऐकलं" म्हटलं तरच टाका घालायचा. इशानी म्हणते, एकट्याने ऐकलेला आवाज त्याचा स्वतःचा, तिघांनी ऐकला की तो पोळीचा.

आणि या सगळ्यात मुख्य कोण, तर मी! जशुभाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हसुबेन पोळीत सर्वांत मोठ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्यातले निम्मे जन्मलेही नव्हते. पहिला आवाज त्या सांगतील." नाही कसं म्हणणार? सेक्रेटरी म्हणून त्यांना भाषण करायला एक निमित्त लागतं, ते मी झाले.

मी डोळे मिटून बसते आणि सांगते. कबुतरं. हवेलीच्या देवळातली मंगला आरतीची घंटा. गाठिया तळणाऱ्याचा झारा. कल्हईवाल्याची हाळी. अंगणातल्या पाण्याच्या टाक्याच्या झाकणाची कडी. मी सांगितलं की हात वर होतातच, मागे वळून बघावं लागत नाही. गेल्या रविवारी मी म्हटलं, तरुलताच्या घरातल्या झोपाळ्याची कुरकुर. तोंडून निघून गेलं. जशुभाईंचा हात वर गेला, कपिलाबेनचा गेला, मग रांगेने सगळ्यांचे गेले. लाल धाग्याने तुझ्या घराच्या चौकोनात टाका मीच घातला. रागावू नकोस. रोज दुपारी जेवण झालं की किरीटभाई झोपाळ्यावर बसायचे. त्यांनी जोरात झोका घेतला की तुळईचं टोक आपल्या मधल्या भिंतीत हलायचं आणि माझ्या फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं थरथरायची. आपल्या सासूबाई, बा, ओरडायच्या, "अरे, घर पाडशील!" ते काय विसरायचं?

एकच हात वर होत नाही. कपिलाबेनची नवी वहू, झंखना. दिवाळीनंतर लग्न होऊन आली आहे, पालनपूरकडची. कल्हईवाल्याला हात नाही, झोपाळ्याला नाही. सासूने कोपरखळी मारली तरी नाही. म्हणाली, "मम्मी, मला ऐकू आलं नाही तर हात कसा वर करू?" कपिलाबेन घरी जाऊन तिला काय बोलल्या असतील ते देव जाणे. मला ती पोरगी आगाऊ वाटते.

परवा तीच खायला हांडवो घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कशी कोण जाणे, थाळी हातातून सोडली. मला पायाखालून कळलं. मी दचकून वळले तर माझ्याकडे टक लावून बघत उभी. म्हणाली, "काकी, मी दारापासून हाका मारत होते." मी म्हटलं, कामात होते. कामात काय, कुकर चढवून उभी होते. डाळ खाली लागली होती, गॅसही तिनेच बंद केला.

दूधवाल्याशीही वाद झाला. म्हणतो, घंटी वाजवून वाजवून बोट दुखलं. खोटारडा! पहाटे येतच नाही आणि वर तोंड करून बोलतो.

दमायला होतं हल्ली. ऐकायला बसून कुणी दमतं का? पण मी रविवारी घरी येऊन आडवी होते ती जेवायलाच उठते.

हसुभाभी


२५ फेब्रुवारी

तरुलता,

बिजलने जशुभाईंना फोनवर जे सुनावलं ते त्यांनी मला येऊन सांगितलं. "माझ्या पप्पांचा तमाशा कोण करतंय?" असं ती म्हणाली. तमाशा कुणी केला नाही. झालं ते असं झालं.

नकाशा पोळीच्या दरवाज्यात टांगला. बाहेरचे लोक बघायला आले, पंधरा-वीस जण, बाटल्या आणि टोप्या घेऊन. इशानी त्यांना नकाशाप्रमाणे फिरवत होती, या कोपऱ्यावर थांबा आणि हे ऐका, त्या खिडकीखाली थांबा आणि ते ऐका. कल्हईवाल्याच्या जागी थांबले, कल्हईवाला नाही. इशानी म्हणाली, आज आला नसेल. मग तुझ्या दाराशी थांबले. भर दुपारची वेळ. सगळे श्वास रोखून उभे. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. त्यातल्या एका बाईने विचारलं, "घर बंद आहे ना? मग आत झोपाळ्यावर कोण बसतं?"

आणि मग गाठियावाल्याने, त्याच्या जिभेला हाड आहे का, मागून म्हटलं, "किरीटभाईच बसत असतील. दुसरं कोण?"

झालं. संध्याकाळपर्यंत पोळभर झालं. आता पोरं तुझ्या दारापुढून पळत जातात. जैन देरासरपाशी राहणाऱ्या बाईने तुझ्या उंबऱ्यावर दिवा लावून ठेवला. चांगल्या मनानेच ठेवला, पण तो विझवून मी घरी आणला. आमच्या किरीटभाईंचं भूत केलं या लोकांनी, तरू. ज्या माणसाने मुंगीवर पाय पडू नये म्हणून ओट्यावरून वळसा घेतला त्याचं.

जशुभाई म्हणाले, तू आता कापडवाल्याला होच म्हटलं आहेस. रामनवमीला किल्ली देणार आहेस. "एकदा जिवंतपणी वाऱ्यावर सोडलं, आता मेल्यावर हसं केलं. मला ती भिंत नको," असं तू म्हणालीस म्हणे.

चूक माझी आहे. झोपाळ्याचा आवाज मी सांगितला. बाकीचे माझ्या मागून बोलले. याहून जास्त लिहिण्याची आज ताकद नाही. मी लिहीन, थोडी थांब. मेहेरबानी करून कापडवाल्याला थोडं थांबव.

हसुभाभी


११ मार्च

तरू,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जे येईल ते ठेवते.

मला ऐकू येत नाही.

आजचं नाही, चार वर्षं होत आली. आधी कबुतरं गेली. मला वाटलं, कबुतरंच कमी झाली आहेत. मग हवेलीची घंटा, मग कुकर, मग दार. माझ्या लेकाने, परिमलने, वडोदऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तुला सांगितलं होतं डोळे दाखवायला गेले म्हणून. डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय असं वाटतं, शब्द एकही कळत नाही. ते मसाल्याच्या डब्यात पडलं आहे, हिंगाच्या शेजारी. परिमल म्हणाला, आई, आता एकटीने राहायचं नाही, माझ्याकडे चल, हे घर भाड्याने देऊ. मी त्याला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, एक वर्ष दे. मग आणखी एक.

तुला कसं कळलं नाही, असं तुझ्या मनात येईल. अगं, तुझा आवाज! लग्न होऊन आलीस तेव्हा सासरे म्हणाले होते, ही वहू माणेकचोकच्या बाजारातून हाक मारेल तर घरी ऐकू येईल. समोर उभी राहून तू बोललीस की तुझा शब्द मला शेवटपर्यंत कळत होता. तोंड बघायचं आणि आवाज धरायचा, दोन्ही मिळून काम भागायचं. तुझ्यापाशी मी बहिरी नव्हतेच. भिंत मध्ये आली की होते.

फोनचं आता सांगायला नको. आवाज तुटत नाही. येतच नाही. म्हणून पत्रं.

आणि रविवारी मी काय सांगत होते ते आता तुला कळलं असेल. डोळे मिटण्याआधी घड्याळ बघून सांगत होते. या वेळी कबुतरं, या वेळी घंटा. कल्हईवाल्याला जाऊन किती वर्षं झाली तेही मला ठाऊक नव्हतं. मी डोक्यातली पोळ सांगत होते, आणि त्या पोळीत तुझ्या घराला कुलूप नाही.

आता ती दुपार.

मी माझ्या झोपाळ्यावर बसून मेथी निवडत होते. पाठ भिंतीकडे होती, पण टेकलेली नव्हती. टेकलेली असती तर मला कळलं असतं, हे मी रोज स्वतःला सांगते. चहाला बोलवायला तू वेलणाने भिंतीवर एक ठोका द्यायचीस तेव्हाही मला ऐकू यायचा नाही, पण चारच्या सुमाराला मी येऊन भिंतीला हात लावून उभी राहायचे. तळव्याला ठोका लागायचा. तुला वाटायचं, भाभी किती लगेच येतात. त्या दिवशी अडीच वाजले होते. अडीचला भिंतीला हात लावायचं काही कारण नव्हतं.

खिडकीतून जशुभाई धावताना दिसले. मग गाठियावाला. मग मी उठले. तुझ्या उंबऱ्यावर पोहोचले तर पदरात मेथी तशीच. तू माझ्याकडे बघून काहीतरी विचारलंस. तुझा आवाज बसला होता, तरू, ओरडून ओरडून बसला होता, आणि तोंड रडण्याने वेडंवाकडं झालं होतं. मला एक अक्षर कळलं नाही. न कळलं की मी मान हलवते. चार वर्षं तेच केलं आहे. कुणी भाव सांगो, कुणी मयत सांगो, मी मान हलवते. मला वाटलं, तू म्हणालीस, गेले हो भाभी. मी मान हलवली.

तू काय विचारलं होतंस ते मला तेराव्यानंतर कपिलाबेनकडून कळलं. तोवर तू कुलूप लावून गेली होतीस.

तेव्हाच का सांगितलं नाही, हेच ना? बांची आठवण कर. बा बहिऱ्या झाल्यावर आपण दोघी त्यांच्यासमोर हसत हसत काय काय बोलायचो! डाळ वाढताना "घे म्हातारे, गिळ" म्हणायचो आणि गोड चेहरा करायचो. शेवटच्या आजारात त्या मला म्हणाल्या, "हसु, कान गेले तरी तोंड दिसतं." मी ते तुला कधी सांगितलं नाही. बहिरी म्हटलं की माणसाचं काय होतं ते मी बघितलं होतं, केलंही होतं. आणि सांगितलं की परिमल दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात. मग मी स्वतःला म्हटलं, तरूला दुष्ट वाटले तर वाटू दे, निदान घरात तर राहीन. आता बघ. मी घरात आहे, आणि भिंतीपलीकडे कोणी नाही. असल्या घरात राहून मी काय मिळवलं?

मी आले असते तर किरीटभाई वाचले असते का, ते मला माहीत नाही. डॉक्टर नाही म्हणाले होते. पण तू एकटी नसतीस. त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला दुसरी बाई असती. ते मी तुला देऊ शकले नाही.

हसुमती


२६ मार्च

तरू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. एवढं सगळं एकदम गळ्याखाली उतरत नाही.

मी रविवारी सभेत उठून उभी राहिले. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. मी सांगितलेले सगळे आवाज काढून टाका. बंद घरात कोणी बसत नाही, ते मी माझ्या मनातलं सांगितलं. किरीटभाईंचं नाव कुणी पुन्हा तोंडात घेतलं तर माझ्याशी गाठ आहे."

मला वाटलं, जमीन फाटेल. कपिलाबेन म्हणाल्या (त्या माझ्या अगदी समोर येऊन, तोंड मोठं उघडून म्हणाल्या), "हसुबेन, मला दिवाळीपासून शंका होती. तुम्हाला माझं सगळं पटायला लागलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण बोलणार? पोळीत मोठ्या तुम्ही. शिवाय वीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी भांडत नव्हता. मी कशाला मोडता घालू?"

आणि जशुभाई! खाली मान घालून बसले होते. इशानीने त्यांना विचारलं (हे झंखनाने मला कागदावर लिहून दाखवलं), तुम्ही सगळ्यात आधी हात वर करायचा, तुम्हाला काय ऐकू आलं होतं? म्हणाले, "काही नाही. मला वाटलं, हसुबेनना ऐकू येतंय आणि मला येत नाही, म्हणजे माझेच कान गेले. ते पोळीत कळू नये म्हणून मी हात वर करत होतो." तेवढ्यात गाठियावाला म्हणाला, "माझंही तेच!" मग जी हसाहस झाली ती मला ऐकू आली नाही, पण सगळ्यांची पोटं हलताना दिसली. इशानी बिचारी डोक्याला हात लावून बसली. सगळी पोळ एका बहिऱ्या बाईच्या मागे हात वर करत होती, ती कुणी बहिरं म्हणू नये म्हणून.

टाके मीच उसवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कल्हईवाला उसवला, पाण्याच्या टाक्याची कडी उसवली. तुझ्या घरातला लाल धागा उसवला. कापडाला भोकं राहिली आहेत, ती बुजायला वेळ लागेल. झंखना शेजारी बसून धाग्याचे तुकडे गोळा करत होती. तिला मी आगाऊ म्हटलं होतं ते मागे घेते. सगळ्या पोळीत खरा हात तिचाच होता, खाली ठेवलेला.

परिमलला कळलंच. येत्या महिन्यात येतो म्हणाला आहे, टेम्पो घेऊन की नुसता, ते अजून ठरलेलं नाही. झंखनाने त्याला फोनवर सांगितलं, काकींच्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहील, दोन वेळा मी बघून जाईन. तो विचार करतो म्हणाला. मी आता भांडणार नाही. दम नाही.

तुझ्याकडे एकच मागते. माझ्या दारी येऊ नकोस, माझं तोंड बघू नकोस, हवं तर. पण कापडवाल्याला किल्ली देण्याआधी एकदा घर उघड. झोपाळ्यावर थोडी बस. ते लोक आधी कड्या कापतील आणि फळी काढून नेतील, गठ्ठ्यांना जागा लागते. किरीटभाईंच्या झोपाळ्यावर शेवटचं कोणी बसलं असेल तर ते आपल्यातलं असू दे.

हसुभाभी


७ एप्रिल, दुपार

तरू,

हे पत्र टपालात टाकणार नाही.

जेवून भांडी घासायला बसले होते. वर बघितलं तर फळीवरच्या डब्यांची झाकणं थरथरत होती. मला वाटलं, पोळीच्या दरवाज्यात मालाचा ट्रक आला असेल. थांबले. थरथर थांबली नाही. एक झोका जाईल, एक येईल, तशी चालली होती. मी ओल्या हातांनीच उठले आणि भिंतीला तळवा लावला.

मग मला माझीच भीती वाटली. यापूर्वीही मला हे ऐकू आलं होतं ना? सगळ्या पोळीला मी ते ऐकवलं होतं. म्हातारपणी माणसाला जे हवं असतं तेच हाताला लागतं की काय! म्हणून मी डावा हात भिंतीवरून न काढता खिडकीतून समोर बघितलं. झंखना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिला विचारलं, "काही ऐकू येतंय का ग? खरं सांग." ती थांबली, कान दिला, आणि तिने हात वर केला. त्या पोरीने, तरू! तिने मागे वळून सासूला हाक मारली. कपिलाबेन लाटता लाटता बाहेर आल्या, पीठ लागलेला हात तसाच त्यांनी वर केला. त्या रडत होत्या बहुतेक, मला नीट दिसलं नाही, माझेही डोळे भरले होते.

एक झंखनाचा, एक कपिलाबेनचा. आणि माझा भिंतीवर होता, तो मी काढला नाही. तीन झाले. आता टाका घालायला हरकत नाही.

तू किती वेळ बसणार आहेस, रामनवमीला किल्ली कुणाला देणार आहेस, मी विचारत नाही. एका हाताने हे लिहिते आहे, दुसरा भिंतीला आहे, म्हणून अक्षर असं. लिहून झालं की झंखना येऊन घेऊन जाईल आणि तुझ्या दाराखालून आत सरकवेल, कारण मी इथून हलणार नाही. पुदिना आणि लीली चहाची गवती पात घालून आधण ठेवलं आहे, दोघींचं.

वाचून झालं की वेलणाने एक ठोका दे.

हसुभाभी